हाताला माहीत असलेल्या पाच जागा

धायरीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग आधी देते.

"ताई, नमस्कार. माझं वय ४६. कॅम्पातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे नजर वीसेक वर्षं कमी कमी होत गेली, आता उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. गेल्या वर्षी एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम, शिकले. टायपिंग आधीपासून येतं, त्यामुळे पत्राचा मसुदा करणं, एक्सेलमधलं रजिस्टर भरणं जमतं. अडतं ते हवा तो प्रोग्रॅम उघडताना. ऑफिसच्या डेस्कटॉपवर साठेक आयकॉन आहेत. मी डाउन अ‍ॅरो दाबत बसते. कधी एक्सेल सापडतं, कधी आहे तिथेच असूनही सापडत नाही. दुपारनंतर दुसऱ्या मॅडम त्याच मशीनवर बसतात, त्यांच्याकडून काही ना काही हलतं. साहेब शेजारी येऊन उभे राहिले की माझे हात कापतात. घरच्या लॅपटॉपवर मुलाने मागच्या रविवारी सगळं आवरून फोल्डर करून दिले. त्याने मायेनं केलं, पण आता मला काहीच मिळत नाही. कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं की एनव्हीडीए सुरू व्हायचा, तोही होत नाही. कुणी म्हणतं डेस्कटॉप वापरा, कुणी म्हणतं स्टार्टमध्ये नाव टाइप करा, कुणी म्हणतं टास्कबार. स्वयंपाकघरात माझं काही अडत नाही. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठे, हळद कुठे, हे हाताला माहीत आहे. कॉम्प्युटरवर तसं का होत नाही?"

ताई, तसं होतं. पण आधी तुमचा एनव्हीडीए बोलता करू. तो गप्प असताना बाकी कशाचाच उपयोग नाही.

कंट्रोल-ऑल्ट-एन ही काही कॉम्प्युटरची जन्मजात की नाही. एनव्हीडीए बसवताना डेस्कटॉपवर त्याचा आयकॉन तयार होतो, आणि ही की त्या आयकॉनला बांधलेली असते. तुमच्या मुलाने पसारा आवरताना तो आयकॉन काढून टाकला असणार. आयकॉन गेला, त्याच्यासोबत की गेली. एनव्हीडीए स्वतः मशीनमध्ये जागच्या जागी आहे. विंडोज की धरून आर दाबा. काही ऐकू येणार नाही, तरी इंग्रजीत एनव्हीडीए ही चार अक्षरं टाइप करा आणि एंटर मारा. सुरू झाल्याची धून ऐकू येईल. नाहीच आली, तर कीबोर्ड मराठीवर राहिला असेल. विंडोज-स्पेस एकदा दाबून भाषा बदला आणि पुन्हा करून बघा. तरीही शांतताच असेल तर कंट्रोल-विंडोज-एंटर दाबा. विंडोजमधला नॅरेटर बोलायला लागेल, आणि त्याच्या मदतीने स्टार्टमधून एनव्हीडीए शोधता येईल. ही शेवटची की आजच पाठ करून ठेवा. कुठल्याही परक्या मशीनवर, सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या टेबलावर तिचाच आधार असतो.

एनव्हीडीए बोलू लागला की त्याच्या मेनूत जा. एनव्हीडीए की म्हणजे तुम्ही निवडलेलं इन्सर्ट किंवा कॅप्सलॉक. ती धरून एन. प्रेफरन्सेस, सेटिंग्ज, जनरल. तिथे साइन इन केल्यावर एनव्हीडीए सुरू करण्याचा चेकबॉक्स आहे, त्यावर खूण करा. मग लॅपटॉप चालू केला की तो आपोआप बोलायला लागेल. गेलेला आयकॉन परत हवा असेल तर एनव्हीडीएची इन्स्टॉल करायची फाइल पुन्हा चालवा, त्यात डेस्कटॉप आयकॉन आणि शॉर्टकट की तयार करण्याचा चेकबॉक्स येतो. हे काम मुलाकडून करून घ्या. त्यालाही कळेल की एका आयकॉनमागे काय काय बांधलेलं असतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे.

तुम्ही वीस वर्षं पडदा पाहिलेला आहे. एक्सेल म्हटलं की अजूनही तुमच्या मनात तो हिरवा चौकोन उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दिसत असेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांमध्ये ज्यांची नजर उशिरा गेली त्यांच्या बाबतीत हे हमखास आढळतं. हात कीबोर्डवर असतात, पण मन पडद्यावर जागा शोधत असतं. डोळ्याला साठ आयकॉन एकदम दिसतात आणि हवा त्यावर नजर जाऊन बसते. कानाला एका वेळी एकच नाव ऐकू येतं. त्यामुळे आपल्याला जागा नसते, क्रम असतो. अंतर इंचात नाही, कितीवेळा की दाबावी लागली त्यात मोजायचं.

"आहे तिथेच असूनही सापडत नाही" असं तुम्ही लिहिलंय, त्याचंही कारण हेच. डेस्कटॉपवरचे आयकॉन उभ्या रांगांमध्ये लागलेले असतात. डाउन अ‍ॅरो दाबत तुम्ही पहिल्या रांगेच्या तळाशी पोचता आणि तिथेच थांबता. तो आपणहून पुढच्या रांगेत जात नाही. तुम्हाला वाटतं संपलं. प्रत्यक्षात राइट अ‍ॅरो दाबला तर शेजारची रांग सुरू होते. साठ आयकॉन म्हणजे अशा सहा-सात रांगा. तुमचं एक्सेल ज्या दिवशी पहिल्या रांगेत असतं त्या दिवशी सापडतं, कुणी माउसने ओढून तिसऱ्या रांगेत नेलं की सापडत नाही. यात तुमची चूक काहीच नव्हती.

मिसळणाच्या डब्याचं तुम्ही लिहिलंत, त्यावर मी बराच वेळ विचार करत होते. त्या डब्यात सात वाट्या असतात. घरात डाळी, पिठं, पोहे, रवा, लोणच्याचा मसाला सगळं आहे, पण ते सगळं त्या डब्यात नाही. रोज फोडणीला लागतं तेवढंच तिथे, आणि वाटी रिकामी झाली तरी मोहरीची वाटी मोहरीचीच राहते. कॉम्प्युटरवर आपण नेमकं उलटं करतो. सगळ्या साठ वस्तू हाताशी ठेवतो आणि एकीचीही जागा पक्की नसते. म्हणून माझा सल्ला असा: डेस्कटॉप आवरायच्या भानगडीत पडू नका. रोज लागणारे पाच प्रोग्रॅम निवडा, त्यांना टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, कायमची जागा द्या, आणि उरलेल्या सगळ्यांना नावाने हाक मारा.

टास्कबारच का, ते सांगते. टास्कबारवर पिन केलेल्या, म्हणजे कायमच्या बसवलेल्या, प्रोग्रॅमना विंडोज डावीकडून नंबर देतो. विंडोज की धरून १ दाबलं की पहिला उघडतो, २ दाबलं की दुसरा, असं ९ पर्यंत, आणि दहाव्याला ०. तुम्ही कुठल्याही विंडोत असा, कुठल्याही मेनूत अडकलेल्या असा, ही की चालते. प्रोग्रॅम बंद असेल तर उघडतो, आधीच उघडा असेल तर तुम्हाला त्याच्यात नेऊन सोडतो. शोधणं नाही, ऐकत बसणं नाही. डाव्या हाताचा अंगठा विंडोज कीवर ठेवला तर १ ते ५ हे आकडे त्याच हाताच्या बोटांखाली येतात. म्हणून मी पाच म्हणते. त्यापुढच्या आकड्यांना हात उचलावा लागतो, आणि हात उचलला की जागेचा अंदाज चुकू लागतो.

लावायचं कसं ते आता सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांचा क्रम बिघडतो. आधी जे पिन केलेलं आहे ते काढा. विंडोज-टी दाबा, एनव्हीडीए टास्कबारवरच्या पहिल्या प्रोग्रॅमचं नाव वाचेल. राइट अ‍ॅरोने पुढे जात नको असलेल्या प्रत्येकावर शिफ्ट-एफ१० दाबा. एक यादी उघडेल, त्यात अ‍ॅरोने "अनपिन फ्रॉम टास्कबार" ऐकू येईपर्यंत फिरा, एंटर. सगळं रिकामं झालं की उघडे असलेले सगळे प्रोग्रॅम बंद करा. आता फक्त एक्सेल उघडा. विंडोज-टी, अ‍ॅरोने एक्सेलवर या, शिफ्ट-एफ१०, "पिन टू टास्कबार", एंटर. मगच वर्ड उघडा, त्याला पिन करा. मग तिसरा. एकदम चार प्रोग्रॅम उघडून पिन करायला गेलात तर उघडण्याचा आणि पिन करण्याचा क्रम एकमेकांत मिसळतो आणि आकडे तुम्हाला हवे तसे लागत नाहीत. एका वेळी एकच. पंधरा मिनिटांचं काम आहे, रविवारी सकाळी चहा झाल्यावर शांतपणे करा.

कुठला आकडा कुणाला, हे तुमच्या टेबलावरून ठरवू. आवक-जावक रजिस्टर एक्सेलमध्ये, दिवसभर तेच, म्हणून १ एक्सेल. मसुद्यांसाठी २ वर्ड. ईमेल आणि कार्यालयीन पोर्टल क्रोममध्ये उघडतात, म्हणून ३ क्रोम. साहेबांचे निरोप आणि ऑफिसचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, म्हणून ४ व्हॉट्सअ‍ॅप. पाचवी जागा मी मुद्दाम रिकामी सोडते आहे. फाइल एक्सप्लोरर तिथे ठेवू नका, त्याला विंडोज-ई ही स्वतःची की आहेच, त्याच्यावर आकडा खर्च करायला नको. पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅमही नको, कारण टपालाची पीडीएफ तुम्ही फाइलवर एंटर मारून उघडता, तो प्रोग्रॅम आपोआप येतो.

क्रमाबद्दल एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. नवीन काही पिन झालं तर ते शेवटी जाऊन बसतं, तुमच्या आकड्यांना धक्का लागत नाही. पण मधलं काही निघालं तर त्याच्या उजवीकडचे सगळे एकेक घर डावीकडे सरकतात. म्हणजे कुणी ३ नंबरचं क्रोम काढलं, तर ४ दाबल्यावर व्हॉट्सअ‍ॅप येणार नाही. पण १ आणि २ जागेवरच राहतील. म्हणून ज्याच्यावाचून अजिबात चालत नाही ते सगळ्यात आधी ठेवायचं. आणि आकडा दाबल्यावर टायपिंगला लागण्याआधी एनव्हीडीए-टी दाबून विंडोचं नाव ऐकायचं. अर्धा सेकंद जातो, पण कलेक्टर ऑफिसच्या पत्रातला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जात नाही.

सुरुवातीला एक गोंधळ नक्की होईल, आत्ताच सांगून ठेवते. तुमची एनव्हीडीए की कॅप्सलॉक असेल, तर विंडोज-१ ऐवजी कधीतरी कॅप्सलॉक-१ दाबलं जाईल. त्याने इनपुट हेल्प चालू होते. मग कुठलीही की दाबा, एनव्हीडीए फक्त तिचं नाव आणि काम सांगतो, प्रत्यक्षात काही घडत नाही. कीबोर्ड बंद पडला असं वाटून लोक मशीन रीस्टार्ट करतात. तसं काही करायचं नाही, पुन्हा एकदा एनव्हीडीए-१ दाबलं की सगळं पूर्ववत. हीच इनपुट हेल्प मुद्दाम चालू करून बोटांचा सरावही करता येतो, कारण त्या वेळात काही उघडत नाही, बिघडत नाही.

आकड्यांची आणखी एक गंमत आहे, आणि तुमच्या कामाला ती सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. विंडोज आणि ऑल्ट दोन्ही धरून १ दाबा. एक्सेल उघडत नाही, त्याऐवजी अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी येते. अ‍ॅरोने फाइलवर गेलात आणि एंटर मारला की थेट तीच फाइल. रजिस्टरची फाइल तर रोजचीच. त्या यादीत तिच्यावर शिफ्ट-एफ१० दाबून "पिन टू धिस लिस्ट" केलंत, तर ती यादीत टिकून राहते, दुसऱ्या कितीही फायली उघडल्या तरी खाली ढकलली जात नाही. सकाळी टपाल घेऊन कुणी टेबलापाशी आलं की विंडोज-ऑल्ट-१, एक-दोन अ‍ॅरो, एंटर, आणि रजिस्टर समोर. एक्सेलच्या दोन फायली उघड्या असतील आणि त्यातली शेवटची वापरत असलेली हवी असेल, तर कंट्रोल-विंडोज-१.

ऑल्ट-टॅब तुम्ही वापरत असालच. माझं मत असं की ते फक्त दोन विंडोंमध्ये ये-जा करायला वापरावं. रजिस्टरमधून जावक क्रमांक बघायचा आणि पत्रात टाकायचा, एवढ्यापुरतं ते उत्तम. पण पाच विंडो उघड्या असताना ऑल्ट-टॅबची रांग दर वेळी बदलते, कारण जी शेवटी वापरली ती पुढे येते. आपल्याला तर न बदलणारा क्रम हवा आहे.

आता उरलेले पंचावन्न. त्यांच्यासाठी स्टार्ट. विंडोज की एकदा दाबून सोडा, नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाइप करा, आणि एंटर मारण्याआधी थांबा. एनव्हीडीए पहिलं उत्तर वाचतो, ते हवं तेच आहे ना ते ऐका, मग एंटर. घाईत मारलेल्या एंटरने कधी इंटरनेटवरचा शोध उघडतो, कधी त्याच नावाची एखादी जुनी फाइल. आणि इथेही कीबोर्डची भाषा. तुम्ही पत्र मराठीत लिहीत असता, मधेच स्टार्ट दाबून कॅल्क्युलेटर शोधायला जाता, आणि इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीतलं काहीतरी उमटतं. आपल्या सगळ्यांच्या हातून रोज होणारी ही गोष्ट आहे. विंडोज-स्पेसची सवय बोटांना लावून घ्या. ज्यांना आकड्यांच्या कींची सवय लागते त्यांना हा त्रास कमी होतो, कारण विंडोज-१ ला कीबोर्डची भाषा कुठलीही असली तरी फरक पडत नाही.

काही प्रोग्रॅम असे असतात की रोज लागत नाहीत, पण लागले की तातडीने लागतात. तुमच्याकडे कॅल्क्युलेटर असेल. अशा दोन-तीन गोष्टींना अक्षराची की बांधा, जशी एनव्हीडीएला एन बांधलेली असते. शॉर्टकट डेस्कटॉपवर असायला हवा. त्यावर जाऊन ऑल्ट-एंटर दाबलं की प्रॉपर्टीज उघडतात. टॅबने "शॉर्टकट की" या रकान्यात या आणि फक्त सी दाबा. तिथे आपोआप कंट्रोल-ऑल्ट-सी उमटतं. एंटर. कॅल्क्युलेटरसारख्यांचा शॉर्टकट डेस्कटॉपवर नसतो, त्यासाठी विंडोज-आर दाबून इंग्रजीत शेल, मग कोलनचं चिन्ह, मग अ‍ॅप्सफोल्डर असं मध्ये जागा न सोडता टाइप करा. मशीनमधल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी येते. सी दाबून कॅल्क्युलेटरवर या, शिफ्ट-एफ१०, "क्रिएट शॉर्टकट". तो डेस्कटॉपवर ठेवू का असं विचारतो, हो म्हणा. या की दाबल्यावर कधी कधी प्रोग्रॅम उघडायला दोन क्षण लागतात, म्हणून पुन्हा पुन्हा दाबू नका, नाहीतर तीन कॅल्क्युलेटर उघडून बसतील. आणि आकडा बांधू नका, विशेषतः ४. इंग्रजी इंडिया कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ ने रुपयाचं चिन्ह उमटतं, ते आवक-जावकला नसलं तरी हिशेबाच्या पत्रात लागतं.

डेस्कटॉपवर जावंच लागलं तर विंडोज-डी दाबा आणि अ‍ॅरोऐवजी नावाचं पहिलं अक्षर दाबा. अडचण अशी की मायक्रोसॉफ्टच्या कित्येक आयकॉनची नावं मायक्रोसॉफ्टनेच सुरू होतात, त्यामुळे एम दाबला की चार-पाच जणांत फिरत राहतो. एफ२ दाबून शॉर्टकटचं नाव बदला. मायक्रोसॉफ्ट एज असेल तिथे नुसतं एज. शॉर्टकटचं नाव बदलल्याने प्रोग्रॅमला काही होत नाही. नावं मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा. हौसेने "वर्ड" असं देवनागरीत लिहिलंत तर इंग्रजी कीबोर्डवर डब्ल्यू दाबून तो कधीच सापडणार नाही.

ऑफिसच्या मशीनबद्दल. दुपारच्या मॅडमशी भांडायचं कारण नाही, त्यांनाही त्यांच्या सोयीने काम करायचं आहे. एका विंडोज मशीनवर दोन यूजर करता येतात, आणि प्रत्येकाचा डेस्कटॉप, टास्कबार, पिन केलेले प्रोग्रॅम वेगळे राहतात. तुमच्या नावाचं वेगळं लॉगिन मागा. कार्यालयाचं कॉम्प्युटरचं काम जो बघतो त्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. तोंडी सांगून होत नसेल तर दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्यात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २० लिहा. दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण देणं हे त्या कलमानुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेचं काम आहे. वेगळं लॉगिन ही त्यातली सगळ्यात स्वस्त सोय. अर्जाची पोच घ्यायला तुम्हाला मी सांगायला नको, ते टेबल तुमचंच आहे.

घरी आणि ऑफिसात आकड्यांचा क्रम एकच ठेवा. घरी तुम्हाला वर्ड फारसं लागत नसेल, तरी २ वर वर्डच राहू द्या. दोन घरांत मिसळणाचे डबे वेगळ्या क्रमाने लागलेले असतील तर फोडणीत हळदीऐवजी तिखट पडतं.

हा क्रम कुठेतरी लिहूनही ठेवा, फोनच्या नोंदवहीत किंवा ब्रेल येत असेल तर कार्डावर. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. काही वर्षांपूर्वी लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. परत मिळाला तेव्हा दुकानातल्या मुलाने अगदी आपुलकीने सांगितलं, मॅडम, सगळं स्वच्छ करून, नीट लावून दिलंय. घरी येऊन विंडोज-२ दाबलं तर भलतंच काही उघडलं. पिन केलेलं सगळं गेलं होतं. त्याच संध्याकाळी एका विद्यार्थ्याचा अर्ज पाठवायची शेवटची वेळ होती. माझा स्वतःचा क्रम मला तोंडाने सांगता येईना. बोटांना येत होता, पण विचारल्यावर आठवेना, कारण तो कधी शब्दांत मांडलाच नव्हता. अर्ज गेला, पण मुदत संपायला थोडाच वेळ राहिला होता आणि मी घामाने भिजले होते. तेव्हापासून माझ्या फोनमध्ये एक नोंद आहे: एक वर्ड, दोन एक्सेल, तीन क्रोम. मशीन कुणाच्याही हातात गेलं तरी आल्यावर पंधरा मिनिटांत लावून होतं.

साहेब शेजारी उभे असताना हात कापतात असं लिहिलंत, त्याबद्दल एवढंच सांगेन. तुम्ही जे करत होता ते साठ आयकॉनमधून एकेक नाव ऐकत हवं ते काढणं होतं. डोळे असलेल्या माणसाला ते तसं करायला लावलं तर तोही तीन मिनिटं घेईल. कीबोर्डने काम करणं म्हणजे माउस जमत नाही म्हणून केलेली तडजोड आहे असं मनात आणू नका. एनव्हीडीए हा प्रोग्रॅम मायकल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला, आणि पुढे त्याच्यासारखाच दृष्टिहीन असलेला जेम्स तेह त्याच्या जोडीला आला. स्वतः कानाने काम करणाऱ्यांनी तो घडवला आहे, आणि जगात कुणालाही तो फुकट मिळतो. तो कीबोर्डवर चालतो कारण तो कीबोर्डसाठीच बांधला आहे. आकड्यांची सवय झाली की तुमचं एक्सेल शेजारच्या टेबलावरच्या माउसआधी उघडेल. माझ्या शिकवण्यांमध्ये हे मी अनेकदा ऐकलं आहे, माउस धरलेला माणूस अजून आयकॉन शोधत असतो.

मुलाला रागावू नका, पण त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: आईच्या मशीनवर काही हलवायचं असेल तर आधी विचारायचं. त्याने केलेले फोल्डर मोडायला हवेत. फोल्डर डोळ्याला नीटनेटके वाटतात, कानाला मात्र ते एकात एक ठेवलेल्या डब्यांसारखे आहेत. दर डब्याचं झाकण उघडायचं, आत काय आहे ते ऐकायचं, नसेल तर बाहेर यायचं. डेस्कटॉपवर ठेवलेल्या त्याच्या किंवा तुमच्या खऱ्या फायली असतील तर त्या डॉक्युमेंट्समध्ये हलवायला त्यालाच सांगा, आणि शॉर्टकट पुसताना फाइल पुसली जात नाही ना हे प्रत्येक वेळी बघायला सांगा. शॉर्टकट गेला तर परत करता येतो. फाइल गेली तर शोधाशोध होते.

या रविवारी फक्त १ आणि २ लावा. आठवडाभर ते दोनच वापरा, बाकी सगळं जुन्या पद्धतीने चालू द्या. बोटं न विचारता त्यांच्यावर जायला लागली की ३ आणि ४ जोडा. पाचव्या जागेवर काय ठेवायचं ते तेव्हा तुमच्या लक्षात आलेलं असेल, कारण दिवसातून चारदा स्टार्टमध्ये जाऊन तुम्ही ज्याचं नाव टाइप करत असाल तेच तिथे बसणार. काय ठेवलंत ते मला जरूर लिहून कळवा.